अफगाण चर्चच्या भिंतीवरची नावे

बेस्टच्या बसने कुलाब्याला निघाले, की ससून डॉक मागे पडेपर्यंत रस्ता बाजाराचा असतो. डॉकच्या दाराशी मासळीचा वास सरळ बसमध्ये शिरतो. टोपल्या, बर्फ, हातगाड्या, कोळणींचे आवाज. थोडे पुढे गेले की गर्दी एकदम ओसरते, झाडे दाट होतात, लष्कराच्या आणि नौदलाच्या आवारांच्या भिंती सुरू होतात आणि मग ‘अफगाण चर्च’ हा थांबा येतो. वर्षानुवर्षे हे नाव मी कंडक्टरच्या तोंडून ऐकले होते. तिथे उतरलो मात्र कधी नव्हतो. इथे कधी काळी अफगाण लोक प्रार्थनेला येत असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. ती केवळ माझीच नाही, हे पुढे अनेकांशी बोलताना कळले.

या चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. अफगाणांशी त्याचा संबंध आहे तो शत्रू म्हणून. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या कंपनी सरकारच्या सैनिकांचे ते स्मारक आहे. मी तिथे उतरलो तो याच कारणासाठी. आमचे मूळ गाव दापोली तालुक्यात. माझ्या आजोबांचे पणजोबा पलटणीत होते आणि ‘सिंधकडे’ गेले ते परत आले नाहीत, एवढीच गोष्ट घरात शिल्लक आहे. त्यांची तिथी ठाऊक नाही, म्हणून त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला. नावही नक्की नाही. घरातली दोन माणसे दोन नावे सांगतात. श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात. त्यापलीकडची कुणी लक्षात ठेवावीत? मुंबईत या युद्धाचे स्मारक आहे आणि त्यात भिंतींवर नावे कोरली आहेत असे वाचले, तेव्हा पाहून तरी यावे असे वाटले.

चर्चपेक्षा आधी जागेबद्दल सांगायला हवे, कारण या इमारतीचे बरेचसे रूप जागेने ठरवले आहे. (अलिबागजवळचा कुलाबा किल्ला आणि १९८१ साली रायगड झालेला कुलाबा जिल्हा वेगळा, हा मुंबईचा कुलाबा.) मुंबईच्या सात बेटांपैकी दक्षिणेची दोन म्हणजे धाकटा कुलाबा, ज्याला इंग्रज ‘ओल्ड वुमन्स आयलंड’ म्हणत, आणि त्याच्या पुढचा लांबट कुलाबा. कोळ्यांचा तो कुलाबा, अशी या नावाची एक व्युत्पत्ती देतात, आणि कोळीवाडा तर आजही तिथे आहे. ओहोटीला चालत जावे आणि भरती आली की होडी शोधावी, अशी त्या बेटांची स्थिती होती. लष्कराची छावणी तिथे होती, १८२६ पासून वेधशाळाही होती, पण शहराशी बांधलेला रस्ता नव्हता. तो ‘कॉजवे’ १८३८ साली झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईची फौज जहाजांत बसून सिंधच्या किनाऱ्याकडे निघाली.

युद्धाची हकिकत थोडक्यात सांगतो. रशियाची छाया हिंदुस्थानवर पडेल या भीतीने गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड याने काबूलचा अमीर दोस्त महंमद याला काढून तिथे शाह शुजाला बसवायचे ठरवले. बंगालची फौज फिरोजपुराहून निघाली. मुंबईची फौज सर जॉन कीन याच्या हाताखाली समुद्रमार्गे सिंधला उतरली. फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली गेली. पुढे बोलन खिंड, कंदाहार, २३ जुलैला गझनीचा किल्ला, ऑगस्टमध्ये काबूल. परतीच्या वाटेवर मुंबईच्या फौजेच्या एका भागाने नोव्हेंबरमध्ये कलात जिंकले. इथपर्यंत सगळे विजयाचे होते. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूल उठले, आणि जानेवारी १८४२ मध्ये सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. १३ जानेवारीला डॉ. विल्यम ब्रायडन हा एक घोडेस्वार तिथे पोहोचला. थकलेल्या घोड्यावरच्या ब्रायडनचे लेडी बटलरने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. या मोहिमेची झळ भरून काढायची म्हणा किंवा हाताशी आलेला मुलूख सोडवेना म्हणून म्हणा, १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने मियानी आणि हैदराबाद या दोन लढाया जिंकून सिंध खालसा केला.

अफगाण चर्च हे त्या काबूलच्या माघारीचे स्मारक आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. माघारीत संपलेली फौज मुख्यतः बंगालची होती आणि तिच्याबरोबर ४४वी गोरी पलटण होती. मुंबईच्या फौजेचे मरण निराळे होते. ते सिंधच्या तळांवर तापाने, कच्छीच्या मैदानात तहानेने आणि बलुचांच्या डोंगरात गोळीने व तलवारीने आले. चर्चमधला मुख्य लेखही तेच सांगतो. त्यात मोहिमांचा उल्लेख ‘सिंध आणि अफगाणिस्तान’ असा आहे, सिंध आधी. मरणाची कारणे दिली आहेत तीही ‘आजार’ आधी आणि ‘तलवार’ नंतर अशी. लेख लिहिणाऱ्याला आकडे ठाऊक असावेत.

चर्चची कल्पना छावणीतली. कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांसाठी आधी एक लहानसे चॅपेल होते. त्याच्या जागी पक्के चर्च बांधावे आणि तेच मोहिमेतल्या मृतांचे स्मारक व्हावे असे ठरले आणि वर्गणी सुरू झाली. सरकारने जागा दिली ती एका अटीवर: चर्चचा मनोरा उंच हवा, म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसेल. आज आजूबाजूला इमारती उठल्यामुळे हे पटकन पटत नाही. पण कुलाबा तेव्हा समुद्रात शिरलेली सपाट जिभेसारखी जमीन होती आणि १९८ फुटांचा, म्हणजे सुमारे साठ मीटरचा सुळका लांबून दिसल्याशिवाय राहिला नसेल.

पहिला नकाशा इंग्लंडमधल्या जॉन मॅकडफ डेरिक या वास्तुकाराचा होता. तो खर्चाला झेपेना. मग काम हेन्री कॉनीबेअर याच्याकडे आले. हा माणूस मुळात अभियंता. मुंबईच्या गटारांवर आणि आरोग्यावर त्याने अहवाल लिहिला आणि विहार तलावाची योजना आखली. शहराला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते त्याच योजनेतून, १८६० मध्ये. मुंबईकरांनी चर्चपेक्षा त्या पाण्यासाठी त्याची आठवण ठेवायला हवी होती; ठेवली नाही ते सोडा.

४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी पायाचा दगड बसवला. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले. तेव्हाही मनोरा अपुराच होता. तो १० जून १८६५ ला पुरा झाला आणि त्यासाठी सर कावसजी जहांगीर यांनी साडेसात हजार रुपये दिले. ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकाचा कळस पारशी सावकाराच्या हातभाराने चढावा, ही त्या काळच्या मुंबईत नवलाची गोष्ट नव्हती.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची आणि मग थंडावा. पिवळसर छटेच्या स्थानिक दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या दोन रांगा, मधे मुख्य दालन. जमिनीवर इंग्लंडहून आणलेल्या फरशांची भूमितीय नक्षी आहे. ती विल्यम बटरफील्डची. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांची रंगीत काचकामे विल्यम वेल्सची. मनोऱ्यात आठ घंटा आहेत, त्या १९०४ साली इंग्लंडमधल्या टेलर कारखान्यातून आल्या. मी गेलो त्या दुपारी त्या मुक्या होत्या. राखणदाराने दार उघडून दिले आणि आपण बाहेर सावलीत जाऊन बसला.

वास्तुकलेच्या इतिहासात या इमारतीला मान आहे, आणि तो योग्य आहे. कोटातले १७१८चे सेंट थॉमस पाहिले की फरक कळतो. त्याचा मूळ घाट निराळा, गोल कमानींचा. मध्ययुगीन इंग्लिश गॉथिक शैली नियम पाळून, मन लावून हिंदुस्थानात उतरवण्याच्या पहिल्या प्रयत्नांत कुलाब्याचे चर्च येते. नंतर मुंबईभर ही शैली पसरली: विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि शेवटी १८८८चे बोरीबंदर. मुंबईची ओळख झालेली ती टोकदार कमान या शहरात आधी युद्धात मेलेल्यांसाठी उभी राहिली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता नावांकडे येतो. वेदीच्या भागातल्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. मुख्य लेखाचा आशय असा: ज्या अधिकाऱ्यांची नावे या भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी की अशी नोंद करता येऊ नये, त्या नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले आहे.

मी नावे वाचत गेलो. कॅप्टन, लेफ्टनंट, एन्साइन. काही वयाने पोरेच असतील. त्यांच्या आया इंग्लंडात, स्कॉटलंडात वाट पाहत राहिल्या असतील, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. पण एक शंका होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचले. मुंबईच्या पलटणीत हिंदी अधिकारीही असत. सुभेदार आणि जमादार हे हवालदार-नाईकांसारखे ‘नॉन-कमिशन्ड’ नव्हते. त्यांना कमिशन असे. लेखाच्या शब्दांप्रमाणे पाहिले तर त्यांची नावे भिंतीवर हवीत. मी वाचलेल्या नावांत मला एकही सुभेदार, एकही जमादार भेटला नाही. म्हणजे नावे गाळताना संख्या ही एकच अडचण नव्हती.

त्या फौजेत मोठा भरणा होता तो हिंदी शिपायांचा. मुंबईच्या सैन्यात कोकण आणि देशावरचे मराठे, महार, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल, शिवाय उत्तरेकडचे ‘परदेशी’ असे सगळे एकाच पलटणीत असत. रत्नागिरी जिल्हा हे भरतीचे मोठे ठिकाण. दापोलीला आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते तिथल्या लष्करी छावणीमुळे, जिथे पेन्शनर शिपाई येऊन राहत. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते.

या शिपायांनी काय केले याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण महाराष्ट्रात ते जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. मे १८४० मध्ये कॅप्टन लुइस ब्राउन याला मुंबईच्या ५व्या पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई, एक तोफ आणि उंटांचा तांडा देऊन बलुचिस्तानच्या डोंगरात मरी टोळीच्या मुलखातले काहून हे ठाणे ताब्यात घ्यायला पाठवले. ठाणे रिकामे मिळाले. उंट परत नेण्यासाठी लेफ्टनंट वॉलपोल क्लार्क काही शिपाई घेऊन निघाला. सरताफच्या खिंडीत मरींनी त्याला गाठले. क्लार्क आणि त्याच्या सोबतचे बहुतेक सारे शिपाई तिथेच मारले गेले. काहूनमध्ये उरले जेमतेम दीडशे लढते हात. वेढा पडला.

ऑगस्टच्या शेवटी मेजर क्लिबॉर्न सुटकेसाठी आला. ३१ ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत त्याच्या फौजेने चढाई केली आणि मार खाऊन मागे आली. त्या उन्हात पाणी नव्हते. तहानेने माणसे वेडी झाली आणि तोफा, रसद सगळे टाकून फौज परतली. काहूनच्या तटावरून आतल्या शिपायांना लढाईच्या खुणा दिसत होत्या, पण कोण जिंकले ते कळत नव्हते. कित्येक दिवसांनी खरी बातमी आली. तरी ठाणे पडले नाही. शेवटी मरींचा सरदार दोदा याने स्वतःच तहाची बोलणी केली: ठाणे सोडा, आम्ही तुम्हाला हात लावणार नाही. २८ सप्टेंबरला पलटण बाहेर पडली. तोफ तिथे टाकून आले असते तर कुणी दोष दिला नसता. आजाराने आणि उपासमारीने खंगलेल्या त्या माणसांनी ती डोंगरातून ओढत बाहेर आणली. मरींनी दिलेला शब्द पाळला, हेही नमूद करायला हवे.

याच पलटणीला पुढे १८४१ मध्ये ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावातला ‘लाइट’ असा जुना आहे. ती पाचवी पलटण म्हणजे आजची या रेजिमेंटची दुसरी बटालियन. सैन्यात तिला अजून ‘काली पाँचवीं’ म्हणतात, आणि ‘काहून’ हा तिच्या युद्धसन्मानांपैकी एक. शिपायांची आठवण पलटणीने ठेवली ती अशी, सगळ्यांची मिळून एका शब्दात. इंग्रजी ग्रंथांत मात्र ब्राउन, क्लार्क, क्लिबॉर्न ही नावे मिळतात आणि त्यांच्या पुढे शिपायांचा आकडा मिळतो.

‘तेव्हा अशीच पद्धत होती’ असे उत्तर यावर मिळते. मीही बरेच दिवस ते मान्य करत होतो. पण त्याच काळातल्या दोन गोष्टी ते मान्य करू देत नाहीत.

पहिली गोष्ट त्याच सिंधच्या मोहिमेतली. १८४३च्या लढायांनंतर नेपियरने जे अहवाल धाडले, त्यांत अधिकाऱ्यांबरोबर पराक्रम केलेल्या साध्या सैनिकांची नावे दिली. ब्रिटिश सेनापतीच्या अहवालात हे पहिल्यांदा घडले असे मानतात, आणि त्याची तेव्हा चर्चाही झाली. लंडनमध्ये ट्राफल्गार चौकात नेपियरचा पुतळा आहे. त्यासाठी वर्गणी देणाऱ्यांत सर्वांत जास्त संख्या साध्या सैनिकांची होती, असे त्याच्या चौथऱ्यावर लिहिले आहे. ज्याने आपले नाव लिहिले त्याला माणसे विसरत नाहीत. अर्थात सिंधच्या अमिरांना नेपियरची आठवण वेगळी असणार. तो मुलूख त्याने कसा घेतला याबद्दल इंग्लंडातही बरे बोलले गेले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. कुलाब्याच्या चर्चचा पाया घालण्याआधी सव्वीस वर्षे, १८२१ मध्ये, याच कंपनी सरकारने भीमेच्या काठी कोरेगावला जयस्तंभ उभारायला घेतला. १ जानेवारी १८१८ला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत मेलेल्यांचे ते स्मारक. त्यावर इंग्रजी आणि मराठी लेख आहेत आणि कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची. तेव्हा नाव कोरायला जागा होती, मराठी येणारा कारकून होता आणि तशी इच्छाही होती.

मग कुलाब्याला असे का झाले? संख्या हे कारण काही अंशी खरे आहे. ४९ नावे आणि पाच वर्षांच्या मोहिमांतले हजारो मृत यांत फरक आहेच. पण गोऱ्या साध्या शिपायांची नावेही इथे नाहीत, म्हणजे दर्जाचा प्रश्न आहे. त्यात हिंदी अधिकाऱ्यांना जागा नाही, म्हणजे वर्णाचाही आहे. आणि एक तिसरी बाजू आहे जी नाकारून चालणार नाही. कोरेगावचा स्तंभ सरकारने उघड्या माळावर उभारला. कुलाब्याचे बांधकाम हे वर्गणीतून झालेले प्रार्थनास्थळ होते. आपल्या मुलाचे नाव ख्रिस्ती वेदीजवळ कोरलेले त्या काळच्या एखाद्या मराठा किंवा मुसलमान घराला आवडले असते का? मला खात्रीने ‘हो’ म्हणता येत नाही. पण कुणी त्यांना विचारले असते, तर आवाराच्या भिंतीवर, दारापाशी एक दगड लावता आला असता.

खुल्या होण्याची तारीखही विचारात घ्यावी लागते. चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले ते जानेवारी १८५८ मध्ये. उत्तरेत बंड चालू होते, झाशी अजून पडायची होती. कोल्हापूरला मुंबईच्याच २७व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ला उठाव केला होता. आणि १५ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी, कुलाब्यापासून थोड्याच अंतरावर एस्प्लनेडच्या मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन हिंदी सैनिकांना लोकांसमोर तोफेच्या तोंडी दिले होते. त्या हिवाळ्यात हिंदी शिपायाचे नाव आदराने दगडावर कोरण्याची गोष्ट कुणाच्या मनात आली असेल, असे मला वाटत नाही. सव्वीस वर्षांत मैत्री संपली आणि संशय आला, असे मी त्या दोन स्मारकांतले अंतर समजतो. अभ्यासकांना हे फार सोपे वाटेल, वाटो.

नाव दगडावर असण्या-नसण्याने काय फरक पडतो, असे कुणी विचारील. महार समाजाच्या इतिहासात तो पडलेला दिसतो. १८९०च्या दशकात लष्करात महारांची भरती बंद झाली. एका निर्णयाने हजारो घरांची रोजी गेली, आणि गावगाड्याच्या बाहेर मिळणारा मानही गेला. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः निवृत्त लष्करी होते, याविरुद्ध अर्ज केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. दोघांचाही आधार एकच होता: आमच्या पूर्वजांनी या सरकारसाठी लढून प्राण दिले आहेत. अशा वेळी पुरावा लागतो. कोरेगावला तो दगडावर होता. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले ते उगाच नव्हे. सरताफच्या खिंडीत आणि नफुस्कच्या उन्हात मेलेल्यांच्या नातवंडांना असे जाऊन उभे राहायला कुलाब्यात काहीच ठेवले नव्हते.

नावांचा हा प्रश्न तिथे थांबत नाही. १९१७ साली स्थापन झालेल्या इंपिरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने मेलेल्या प्रत्येकाची नोंद दर्जा न पाहता समान व्हावी असे तत्त्व ठेवले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, आणि त्यांत १९१९च्या तिसऱ्या अफगाण युद्धातले सैनिकही धरले आहेत. म्हणजे पहिल्या अफगाण युद्धातल्या शिपायाला जे मिळाले नाही ते तिसऱ्यातल्या शिपायाला मिळाले. पण त्याच काळात बसऱ्याच्या स्मारकावर काय झाले पाहा. मेसोपोटेमियात मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. तिथे ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी सैनिकांचा, पलटणवार, आकडा दिला. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या अहवालात अशा वगळण्याची कबुली दिली.

आज अफगाण चर्च चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांतात येते. ते जपले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत दगड झिजतो, शिसे आणि काच जपणे महागात जाते, आणि छावणी गेल्यावर नियमित येणारी मंडळी थोडी उरली आहेत. मी निघताना राखणदाराने विचारले, नाव सापडले का? बहुधा बरेच लोक आपापली नावे शोधत येत असावेत, बहुतेक परदेशातून. ‘आमचे अधिकारी नव्हते,’ एवढेच मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि पुन्हा दार लावले.

मला माझ्या आजोबांचे पणजोबा सापडले नाहीत. ते ५व्या पलटणीत होते की दुसऱ्या कुठल्या, हेही सांगता येत नाही. पण शोध करताना एक गोष्ट कळली, ती कोकणातल्या वाचकांसाठी इथे नोंदवतो. १८३९ला गझनी घेतल्यावर शाह शुजाच्या वतीने चांदीचे पदक काढले गेले आणि ते साध्या शिपायांनाही मिळाले. सिंधच्या १८४३च्या लढायांचेही चांदीचे पदक होते. यांतली पुष्कळ पदके सोनाराकडे गेली असणार. कठीण वर्षी चांदी घरात कोण ठेवतो? तरी दापोली, खेड, महाड, चिपळूण या भागांत एखाद्या जुन्या पेटीत गोल, काळे पडलेले, एका बाजूला किल्ला असलेले पदक किंवा पलटणीचा एखादा कागद अजून असू शकेल. असेल तर तो मोडीत घालण्याआधी त्याच्या कडेवर काही अक्षरे आहेत का, तेवढे भिंगाने पाहावे. सर्वपित्रीला आमच्या घरी त्यांचे पान वाढतात, तेव्हा अजूनही कोणते नाव घ्यायचे यावर दोन मते पडतात.